उजवा पाय कुठे ठेवायचा? आधी पेडल पायाला लावून घ्या

विचारलेलं थोडक्यात असं आहे. नवीन १२५ सीसी मोटरसायकल घेतली आहे, मागे ड्रम ब्रेक. त्याआधी स्कूटर चालवायची सवय. रोज जुळे सोलापूरहून चिंचोळी एमआयडीसीला जाणं-येणं. मित्र सांगतो, उजवा पाय कायम ब्रेकवरच ठेव, ऐनवेळी उपयोगी पडतो. वडील सांगतात, पुढच्या ब्रेकला हात लावू नको, तोंडावर पडशील. आणि मागच्या आठवड्यात केगावजवळ पुढचा टेम्पो अचानक थांबला, तेव्हा मागचं चाक घसरून गाडी आडवी होता होता राहिली. शिवाय ब्रेक दाबला की चूं चूं वाजतं, लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे पट्टे) बदलायचे का?

पायाचं उत्तर आधी देतो. पाय फूटरेस्टवर, बोटं पेडलच्या वर, पण पेडलला न टेकता. एवढं कळायला सोपं आहे. अडचण अशी की गॅरेजला येणाऱ्या बऱ्याच गाड्यांवर हे जमतच नाही, कारण पेडलची उंची चालवणाऱ्याच्या पायाला लावलेली नसते. शोरूममधून गाडी जशी आली तशी चालवायची, पेडल वर असेल तर पाय उचलायचा, खाली असेल तर पाय ताणायचा. आपण हँडल, आरसे, सीट कव्हर सगळं आपल्या सोयीचं करून घेतो आणि ब्रेकचं पेडल मात्र तसंच ठेवतो.

उंचीनं एवढा फरक का पडतो ते सांगतो. पेडल जास्त वर असलं की ब्रेक मारायला आख्खा पाय फूटरेस्टवरून उचलावा लागतो. मग ब्रेक लागतो तो मांडीच्या जोरानं. मांडीला बारकावा नसतो, ती एकदम दाबते, आणि वरून पायाचं वजनही पेडलवर येतं. घाबरल्यावर तर विचारूच नका. चाक तिथल्या तिथे जाम होतं. तुमचं केगावला जे झालं, त्यातला निम्मा दोष मी इथे धरतो. पेडल बरोबर उंचीवर असलं तर तळपायाचा मधला भाग फूटरेस्टवर टेकलेला राहतो आणि ब्रेक लागतो घोट्यानं. घोट्याला हलकं दाबणं, थोडं सोडणं, परत दाबणं हे सगळं जमतं. हार्मोनियमचा भाता जसा हाताच्या अंदाजानं चालतो, तसा मागचा ब्रेक घोट्याच्या अंदाजानं चालला पाहिजे.

तपासायचं कसं? गाडी मेन स्टँडवर लावा, रोजचे बूट घालून बसा, पाय फूटरेस्टवर ठेवा. तळपाय सैल असताना बुटाचा तळ पेडलच्या जेमतेम वर राहिला पाहिजे, आणि घोटा जरासा वाकवला की पेडलला लागला पाहिजे. रोजचे बूट म्हणजे रोजचेच. तुम्ही एमआयडीसीत काम करता म्हणजे बहुतेक सेफ्टी शूज असणार. त्यांचा तळ जाड, पुढे लोखंडी टोपी. चपलेवर लावलेलं पेडल सेफ्टी शूजला वर येतं, आणि जाड तळामुळे आपण पेडल दाबून बसलोय हे पायाला कळतही नाही. डाव्या पायाचंही तेच, टोपी गिअरच्या दांड्याखाली शिरत नाही. तो दांडा शाफ्टवरून काढून एक-दोन दाते वर बसवता येतो. पाच मिनिटांचं काम आहे, मेकॅनिकला सांगा.

पेडलची उंची बहुतेक गाड्यांना एका छोट्या स्टॉप बोल्टवर असते, पेडलच्या मुळाशी, लॉक नटसकट. काही गाड्यांना तो नसतो. तिथे पाय थोडा मागेपुढे करून जमवायचं, पेडल ठोकून वाकवायचं नाही. उंची बदलली की मागून दोन कामं येतातच, आणि तीच राहून जातात. पहिलं म्हणजे पेडलचा प्ले. पेडल हातानं दाबत गेलं तर ब्रेक धरायला लागण्याआधी टोकाशी साधारण २० ते ३० मिलिमीटर मोकळी चाल हवी. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. ही चाल मागच्या चाकाजवळच्या ब्रेक रॉडच्या नटावर लावतात. त्या नटाला एका बाजूनं अर्धगोल खाच असते. ती खाच आडव्या पिनवर नीट बसली पाहिजे. अर्धवट चढलेली राहिली तर दोन दिवसांत सरकते आणि ब्रेक आपोआप ढिला होतो. नट फिरवल्यावर हातानं चाक फिरवून बघा, कुठेही घासल्याचा आवाज नको. दुसरं काम ब्रेक लाइटच्या स्विचचं. पेडल धरायला लागतं त्याच सुमाराला दिवा लागला पाहिजे, आधीही नाही आणि पायानं जोर लावल्यावरही नाही. तुमच्या १२५ सीसी गाडीला सीबीएस (कंबाइन्ड ब्रेकिंग सिस्टीम) असणार, म्हणजे पेडलला पुढच्या ब्रेकची केबलही जोडलेली आहे. तिचा समतोल कंपनीच्या पद्धतीनं लावावा लागतो, त्यामुळे घरी पाना घेऊन प्रयोग करू नका. तुमच्यासमोर करून घ्या.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. चेन टाइट केली की मागचं चाक मागे सरकतं, आणि त्याबरोबर ब्रेकचा रॉड ताणला जातो. म्हणजे चेन ओढून घेतली त्याच दिवशी पेडलचा प्ले कमी होतो, कधी कधी ब्रेक घासतच राहतो. चेनचं काम झालं की ब्रेक पुन्हा बघायचाच. नाही बघितला तर गाडी जड वाटते, अॅव्हरेज पडतं, आणि माणूस कार्बुरेटर किंवा इंजेक्टर साफ करून घेत बसतो.

आता मित्राचा सल्ला. पाय कायम ब्रेकवर ठेवला तर वेळ वाचेल हे ऐकायला पटतं. पण पाय ठेवला म्हणजे थोडा दाब आलाच, विशेषतः जाड बुटात. लायनर ड्रमवर सतत घासतात, तापतात, आणि त्यांचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो. असे लायनर नंतर जोरात दाबले तरी धरत नाहीत. वाचवलेला वेळ तिथे व्याजासकट जातो. आणि दिव्याचं काय? तुमचा ब्रेक लाइट बाळ्यापासून चिंचोळीपर्यंत जळतच राहतो. मागच्या ट्रकवाल्याला तुम्ही खरंच थांबताय हे कळायला दुसरं काही उरत नाही. याची मला खरी काळजी वाटते, कारण पुणे रोडला टँकर आणि मोठ्या गाड्या अंतर न ठेवता मागे लागतात. आज रात्रीच घरी येताना एखाद्या सहकाऱ्याला मागून चालायला सांगा आणि विचारा, माझा दिवा किती वेळ जळत होता. उत्तर ऐकून सवय सुटते.

बोटं पेडलच्या वर, न टेकता, तयार ठेवायची जागा म्हणजे शहर. सात रस्ता, नवी पेठ, आसरा चौक, जिथे कधी रिक्षा वळेल, कधी कोण मध्ये येईल सांगता येत नाही, तिथे तळपायाचा मधला भाग फूटरेस्टवर आणि बोटं पेडलच्या वर. मोकळ्या हायवेवर पाय थोडा मागे घ्या, पंजा फूटरेस्टवर. तिथून गाडीवर ताबा जास्त येतो, गुडघे टाकीला लागतात, खड्डा किंवा स्पीडब्रेकर आला तर पायांवर जरा उठता येतं. पण पुढे गर्दी, क्रॉसिंग, उभा ट्रक दिसला की पाय परत पुढे आणायचा, दिसल्याबरोबर, ब्रेकची वेळ यायची वाट न बघता. आणि बोटं नेहमी आत. पायाचे पंजे बाहेर फाकवून बसणारे खूप बघतो. डिव्हायडरला, शेजारच्या गाडीच्या लेग गार्डला पहिला लागतो तो पंजाच.

वडिलांचं म्हणणं सायकलच्या काळापासून घराघरात चालत आलंय. काळजीपोटी सांगतात, पण हे ऐकू नका. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे जातं. पुढचं चाक जमिनीवर दाबलं जातं, मागचं हलकं होतं. हलक्या चाकाला पकड कमी, म्हणून जोरात थांबायचं तर बहुतेक काम पुढच्याच ब्रेकला करावं लागतं. हिशेबच मांडू. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. धोका दिसून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद गेला तर तेवढं अंतर आधीच संपलं. त्यानंतर कोरड्या चांगल्या डांबरावर दोन्ही ब्रेक नीट वापरले तर साधारण २० मीटरमध्ये गाडी थांबू शकते. फक्त मागच्यावर तेच अंतर ४० मीटर आणि त्याच्याही पुढे जातं. ब्रेक लागायला सुरुवात झाली तेव्हा टेम्पो २५ मीटरवर असेल तर फक्त मागच्या ब्रेकनं तुम्ही त्याला धडकणारच, पाय कितीही चपळ असो.

पुढचा ब्रेक पाडतो तो झटक्यानं ओढल्यावर, हँडल वळलेलं असताना किंवा वाळूवर. गाडी सरळ असेल आणि लिव्हर आधी हलकेच घेऊन मग जोर वाढवत नेला तर तो पाडत नाही. पहिल्या क्षणात वजन पुढे जाऊ द्यायचं, मग दाबायचं.

पायाचं यातलं काम उलटं आहे, आणि हे सांगितलं की लोक चकित होतात. हात जोर वाढवत जातो तेव्हा पायानं जोर कमी करत यायचं. सुरुवातीला मागच्या चाकावर वजन असतं, तेव्हा मागचा ब्रेक चांगलं काम करतो. पुढचा लागला की मागचं हलकं झालं, मग तोच दाब त्याला जास्त होतो आणि चाक जाम होतं. तुम्ही केगावला पाय शेवटपर्यंत दाबून धरला असणार. चाक घसरायला लागलं आणि गाडी अजून सरळ असेल तर पेडल सोडा, चाक परत फिरायला लागेल, मग हलक्या पायानं परत घ्या. पण मागचं चाक बाजूला बरंच गेलं असेल तेव्हा झटक्यात सोडू नका. सुटलेल्या चाकाला एकदम पकड मिळते, गाडी दुसऱ्या बाजूला उसळते आणि माणूस वरून फेकला जातो. तेव्हा नजर सरळ रस्त्यावर ठेवून वेग उतरू द्यायचा. क्लचही शेवटी, गाडी थांबायला आली की. आधीच क्लच दाबला तर इंजिनचा ब्रेक फुकट गेला.

क्लचवरून स्कूटरची गोष्ट. स्कूटरवर डावा हात दाबला की मागचा ब्रेक लागतो. मोटरसायकलवर त्याच जागी क्लच आहे. घाबरल्यावर हात जुनंच करतो. तुम्ही डावी लिव्हर पूर्ण ओढता, गाडी मोकळी सुटते, थांबत नाही, मग पाय पेडलवर आपटतो. हे फार जणांचं होतं आणि स्वतःला कळत नाही. केगावला डावा हात काय करत होता, आठवून बघा. घरातली स्कूटर आणि ही गाडी आलटून पालटून चालवत असाल तर बसल्यावर निघण्याआधी एकदा पाय पेडलवर आणि उजवा हात लिव्हरवर नेऊन दोन्ही दाबून बघायचं. घरात जुनी कास्ट आयर्न बुलेट असेल तर तिला तर गिअर उजवीकडे आणि ब्रेक डावीकडे, तिथे हा सराव आणखी हवा.

सीबीएस आणि एबीएसबद्दल (एबीएस म्हणजे जोरात दाबलं तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) थोडंसं. १ एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना सीबीएस किंवा एबीएस, आणि त्यावरच्यांना एबीएस सक्तीचं झालं. तुमच्या गाडीला पायाचं पेडल दाबलं की पुढचाही थोडा ब्रेक लागतो. म्हणजे वडिलांच्या नकळत तुम्ही पुढचा ब्रेक आत्ताही वापरताच आहात. पण तो थोडाच असतो, हाताचं काम त्यानं होत नाही. आणि चाक जाम होणं सीबीएस थांबवत नाही. १५०-१६० च्या अनेक गाड्यांना एकाच चाकाचं, म्हणजे पुढचं एबीएस असतं. त्यांचंही मागचं चाक पायानं जाम होतं.

एवढं वाचून वाटेल की मागचा ब्रेक दुय्यम आहे. हळू चालवताना तोच राजा आहे. चालत्या माणसाच्या वेगानं जाताना गाडी डुलते, तेव्हा क्लच अर्धा, थोडा रेस, आणि मागचा ब्रेक हलका धरून ठेवा. गाडी ताणलेल्या दोरीसारखी स्थिर होते. यू टर्न घेताना, संक्रांतीला गड्डा यात्रेच्या गर्दीतून होम मैदानाच्या बाजूनं गाडी काढताना हेच लागतं. हँडल पूर्ण वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला तर गाडी तिथेच आत पडते. आणि म्हणूनच गर्दीत दोन्ही पाय खाली सोडून रांगत जायची सवय मला चुकीची वाटते. पाय खाली म्हणजे मागचा ब्रेक गेला, उरला तो पुढचा, आणि तोही वळलेल्या हँडलवर. ट्रॅफिकमध्ये सावकाश चालणाऱ्या गाड्या आडव्या होतात त्या अशा.

थांबताना डावा पाय खाली, उजवा पेडलवर. तुमच्या भागात आसरा पुलाचा चढ आहे. तिथे रांग लागली की दोन्ही पाय टेकून पुढच्या ब्रेकवर उभे राहणारे निघताना मागे घसरतात, कारण उजव्या हाताला रेसही द्यायचा असतो आणि ब्रेकही सोडायचा असतो. मागचा ब्रेक पायानं धरा, पहिला गिअर, क्लच सोडत गाडी ओढायला लागली की पाय उचला. हात मोकळा राहतो.

तुळजापूरला जाणं होतच असेल. घाट उतरताना पेडलवर पाय ठेवून खालीपर्यंत येऊ नका. सततच्या घासण्यानं ड्रम इतका तापतो की खालच्या वळणाला पेडल दाबलं तरी ब्रेक धरत नाही, आणि जळका वास आधी येतो. ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा, इंजिनला वेग धरू द्या, वळणाआधी दोन्ही ब्रेकनं वेग तोडा आणि सोडून द्या. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून उतरणं तर अगदीच नको.

पावसाळ्यात आपल्या भागात डांबरापेक्षा त्यावरची काळी माती घातक. शेतातून ट्रॅक्टर रस्त्यावर आला की टायरची माती शे-दोनशे मीटर पसरते, त्यावर भुरभुर पाऊस झाला की साबण. तिथे कुठलाही ब्रेक विश्वासाचा नाही. चिखल दिसला की त्याच्या आधी, कोरड्यावर वेग उतरवा, वर आल्यावर गाडी सरळ, रेस बंद, लागलाच तर मागचा अगदी पायाच्या बोटांनी. गाळप हंगामात रस्त्यावर पडलेला चेंगरलेला ऊस आणि पाचट यांचंही असंच. आणि रात्री बिनदिव्याची उसाची ट्रॉली समोर येते, तेव्हा पाय आधीच पुढे आणून ठेवलेला असावा. मागे माणूस बसला असेल किंवा चादरींचा गठ्ठा असेल तर मागच्या चाकावर वजन वाढतं, मागचा ब्रेक जास्त धरतो. तेवढा तो जास्त वापरा, पण थांबायला एकूण अंतर जास्तच लागेल.

सराव सुट्टीच्या दिवशी करा, एमआयडीसीतले आतले रस्ते तेव्हा मोकळे असतात. हेल्मेट घालून, ताशी २५-३० ला, आधी फक्त मागचा ब्रेक हळूहळू वाढवत न्या आणि चाक कुठल्या दाबाला घसरायला लागतं ते पायाला कळू द्या. कळलं की लगेच सोडा. मग दोन्ही ब्रेक मिळून, हात वाढवत आणि पाय कमी करत. हे पायात बसायला थोडे दिवस लागतात, घाई नको.

राहिला आवाज. सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला चूं चूं वाजून नंतर बंद होत असेल तर दमट हवा आणि ड्रममधली धूळ, सोडून द्या. दिवसभर वाजत असेल तर चाक काढून ड्रम उघडायला सांगा. पाय ब्रेकवर ठेवायच्या सवयीनं लायनर गुळगुळीत झाले असण्याची शक्यता जास्त आहे. जाडी शिल्लक असेल तर पॉलिश पेपर मारून चालतात. जाडी कळायला उघडायचीही गरज नाही, पेडल पूर्ण दाबल्यावर ब्रेकच्या आर्मवरचा (रॉड जोडलेल्या दांड्यावरचा) बाण प्लेटवरच्या खुणेला आला की लायनर संपले, मग नट आवळून पुढे ढकलू नका. खर्र असा लोखंडी आवाज असेल तर गाडी चालवूच नका, ड्रम खराब होतो. आतली धूळ तोंडानं किंवा हवेच्या पाइपनं उडवू देऊ नका, ती श्वासात जाते, ओल्या फडक्यानं पुसायला सांगा. आणि उघडलंच आहे तर कॅमला (लायनर फाकवणाऱ्या भागाला) ग्रीसचा अगदी पातळ हात. जास्त लावलं तर ते तापून लायनरवर येतं, आणि मग नवे लायनर टाकले तरी ब्रेक धरत नाही.